न्हालेली बाळं

झोपेचा विषय निघालाच आहे तर सांगते. मंठ्याकडच्या एका खेड्यात मी नर्स होते, तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर तान्ह्या बाळांची तपासणी ठेवल्ती. बाळ मान धरतंय का, हातापायांत जोर आहे का, लाल गोंड्यामागं नजर फिरते का, एवढंच बघायचं. बघते तर सगळीच बाळं लोण्यासारखी ढिली! हात उचलला की पडायचा. मी घाबरलेच. मंग वास आला, तेलाचा अन् ओव्याच्या धुरीचा. तपासणीला न्यायचं म्हणून सगळ्या आयांनी मालिश करून, न्हाऊ घालून, धुरी देऊन आणल्तं. अख्खा ओटा गाढ झोपेत. माझ्याही पापण्या जड झाल्या.

"उद्या पारोशीच आणा," म्हणलं.

दुसऱ्या दिवशी नुसती लाथाळी अन् रडारड. एकच बाळ तेवढं मांडीवर सांडल्यासारखं पडलेलं. मी हात लावायच्या आधीच त्याची आई बोलली, "सिस्टरबाई, मी याला न्हाऊ घालूनच आणलंय. धुरीबी दिली. म्हणून झोपलंय, दुसरं काही न्हाई."

"बराबर," म्हणलं मी, अन् वाकून बाळाची टाळू हुंगली. तेलाचा टिपूस न्हवता, ओव्याची धुरी न्हवती. नुसता दुधाचा वास.