सरांचा परका जावई

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे प्राचार्य आणि पाहुणे मंडळी, सरांचे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे सर,

मी सरांचा जावई. चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो.

आत्ताच एका वक्त्यांनी सांगितलं, सरांचं पूर्वग्रहावरचं व्याख्यान ऐकायला दुसऱ्या वर्गांतली मुलंही येऊन बसायची. अगदी खरं. माणूस ‘आपले’ आणि ‘परके’ अशी रेघ कशी ओढतो, रेघेपलीकडच्या सगळ्यांना एकाच मापाने कसा मोजतो, हे सर फार सुंदर समजावत. त्यांची मुलगी हेच ऐकत वाढली. म्हणून तर तिने निर्धास्तपणे माझं नाव घरी सांगितलं.

सर म्हणाले, “मुलगा चांगला असेल गं. पण आपल्यातला नाही.”

“बाबा, हे तुम्ही बोलताय?”

“वर्गातलं वर्गात.”

तुम्ही हसलात. आधी तीही हसली होती. पुढे लग्न झालं, सर आले नाहीत. तिचं माहेर तुटलं.

असल्या प्रसंगी हे का काढतोय, असं वाटेल तुम्हाला. सरांना विचारूनच आलोय. ते म्हणाले, “सांगा. गोड बोलायला बाकीचे आहेतच.”

काही वर्षांनी तिला रक्ताचा आजार झाला. मी सरांना फोन केला. दुपारी सर इस्पितळात हजर. वॉर्डाबाहेर एकच बाक. दोन टोकांना आम्ही दोघं. सरच शिकवायचे म्हणे, नुसतं शेजारी बसून पूर्वग्रह जात नाही. दोघांना मिळून एखादं काम करावं लागतं. आमच्या वाट्याला ते आलं. सर रक्तदाते शोधायचे, मी औषधांसाठी पळायचो. तिला सूप कुणी भरवायचं यावरून तर आमचं चांगलंच वाजलं. ती उशीवरून म्हणाली, “भांडा. निदान बोलताय तरी एकमेकांशी.”

बरी होतेय असं वाटत असतानाच ती गेली.

त्यानंतर सर कॉलेजात आले आणि पहिल्याच तासाला पूर्वग्रहाचा धडा घेतला. त्या वर्गातली एक मुलगी दुकानात येऊन मला सांगून गेली. सर म्हणाले होते, “माणूस बोलतो एक, वागतो दुसरंच. मग ती विसंगती टोचते, म्हणून वागलो तेच बरोबर असं तो स्वतःला पटवत बसतो. मी पटवत बसलो, आणि तोवर माझी मुलगी गेली. उदाहरण लिहून घ्या.”

वर्गात कुणीही लिहिलं नाही.

हल्ली सर रविवारी माझ्याकडे येतात. फारसं बोलणं होत नाही. मागच्या खेपेला चहा घेता घेता म्हणाले, “तुमच्यात असं काय परकं दिसलं होतं मला? खूप आठवून पाहिलं. आठवतच नाही.”

मी त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

अध्यक्षबाई, माझ्यासारख्याला इथे बोलू दिलंत, मनापासून आभार. मानाने घ्यायचं एखादं नाव राहिलं असेल, कौतुकाच्या दिवशी डोळ्यांत पाणी आणलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि सर, उद्यापासून तुम्हाला कॉलेज नाही. आता रविवारपर्यंत थांबू नका.