पिवळा तळ

— थांबलात का? बोला ना! गाडीचा तळ पिवळा झाला, केवढा हा अनर्थ! काळा सांगितला होता — कबूल. कामाच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात 'काळा' लिहिलं आहे, आणि माझं अक्षर लागत नाही असं अद्याप कोणी म्हणालेलं नाही. काळ्याची आपल्याला हौसच दिसते, सदराही काळाच. पण मला सांगा, गाडीच्या तळाकडे पाहतं कोण? रस्त्यावरची मांजरं. त्यांनी नापसंती कळवली का? काय — मेव्हणे हसले? मेव्हणे आपल्या गाडीखाली आडवे होऊन काय करत होते, ते मी विचारणार नाही. प्रत्येक घराण्याची आपापली रीत असते. बसा. ती खुर्ची नको, तिच्यावर सकाळीच तळाला मारायचं गंजरोधक कोटिंग सांडलं आहे — उठाल तेव्हा मेव्हण्यांना हसायला आणखी एक तळ मिळेल.

आता काम पाहा. गंज खरवडला, पत्रा धुतला, वाळवला, चासीला आडवे-उभे दोन हात दिले. एक कोपरा सुटलेला दाखवा! मी स्वतः पाहिलं आहे — हो, मी. या वयात, रॅम्पखाली उभी राहून, बॅटरी घेऊन, मान मोडेपर्यंत. प्रत्येक गाडी पाहते, हे जेवायला वर गेले की. यांच्या माघारी का? दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलेलं बरं असतं म्हणून. 'दुसऱ्या' म्हणजे — आपण शब्द फार धरता हो! चाळीस वर्षं हातात फवाऱ्याची बंदूक धरली आहे यांनी. नुसत्या आवाजावरून थर किती बसला ते सांगतात. पूर्वी काळाच मारत होते. पण काळवंडलेल्या पत्र्यावर काळा थर — कुठे बसला, कुठे राहिला, दिसणार कसं? कोणालाच दिसत नाही. चांगल्या धडधाकट डोळ्यांना दिसत नाही, मग — त्या बेकरीवाल्याच्या व्हॅनला मागच्या चाकापाशी हातभर पत्रा कोरडा राहिला. मी 'मोफत तपासणी' म्हणून व्हॅन परत बोलावली आणि ब्रशने भरून काढला. यांना कळू दिलं नाही. तेव्हापासून डब्यात पिवळा रंग मी कालवते. पिवळा यांना अजून दिसतो.

झालं. असं पाहू नका माझ्याकडे. यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनीही असंच तोंड केलं होतं. यांना वाटतं, हल्ली गिऱ्हाइकंच पिवळा मागतात. परवा म्हणाले, "लोकांना काय खूळ लागलंय गं?" मी म्हटलं, "फॅशन आहे." मी! जन्मात कधी खोटं बोलले नव्हते, आता गाडीगणिक बोलते. ज्या दिवशी यांना कळेल, त्या दिवशी बंदूक खिळ्याला टांगतील आणि वर खिडकीत जाऊन बसतील — आणि मग मी कोणावर खेकसू? आपल्यावर?

काळाच हवा ना? देते. पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराकडून पिवळ्यावर काळा हात देववते. फक्त इथून गाडी पिवळीच बाहेर जाऊ दे, आणि — हळू. ऐकलंत? जिना सोळा पायऱ्यांचा आहे. हे मोजून उतरतात.

अहो, तक्रार कसली! गाडीचे मालक आहेत, मुद्दाम सांगायला आले आहेत. नाही, तिकडे नाही — इकडे, तुमच्या डाव्या हाताला. हं, सांगा यांना. पिवळा कसा वाटला ते सांगा. सांगा ना!

...

ऐकलंत? मी म्हटलं नव्हतं, फॅशन आहे? — बरं, या आता. आणि मेव्हण्यांनाही गाडी घेऊन पाठवा.