काट्याचा उपास

—नाही हो साहेब, फ्लेक्स धुवायला काढलाय, तुमच्यासाठी मुद्दाम कशाला काढीन? रोज त्याच्या आडोशाला उभे राहून खाता, आज जरा उजेडात खा. गेटवरून दिसतं? दिसू द्या की. वडापाव खाणं काय गुन्हा आहे? आत असेल म्हणा, तुमच्या कँटीनमध्ये. बाहेरचा रस्ता महापालिकेचा. हा घ्या, आत्ताच कढईतून काढलाय. मिरची देऊ? लाजता काय, आमोद साहेब — हो, नाव ठाऊक आहे मला. कारखान्याचे कामगार कल्याण अधिकारी, राहायला कर्वेनगरला, घरी तेलाचा थेंब चालत नाही. कोण सांगतं म्हणजे? तुम्हीच. गाडीवर उभा राहिलेला माणूस सगळं बोलतो, समोर कोण आहे तेवढं बघत नाही.

खा, खा. तर मी काय म्हणत होते — तुमचा तो ‘सुदृढ कामगार’ उपक्रम. वाईट होता का? मुळीच नाही, खोटं कशाला बोलू. भजी बंद झाली, ज्वारीची भाकरी आली, मटकीची उसळ आली, काकडी-गाजर आलं. आमच्या यांना शुगर. घरी मी ओरडून थकले होते, तेच इथे चारचौघांत बसून निमूट भाकरी खायला लागले. शुगर उतरली. डॉक्टर खूश, मी खूश. तिथेच थांबायचं होतं ना? पण भाकरीचा फोटो कोण छापणार — म्हणून तुम्ही वजनकाटा आणलात. कँटीनच्या दारात, सगळ्यांसमोर. ज्या खात्याचं वजन जास्त उतरेल त्याला ढाल. आणि ज्याचं उतरत नाही त्याचा फोटो फलकावर, खाली ‘आधी’ असं लिहून. शेजारी ‘नंतर’ची चौकट रिकामी. यांचा होता तिथे. येणारा-जाणारा पोट दाखवून हसायचा.

मग काय झालं ठाऊक आहे? वजनाच्या आदल्या दिवसापासून लोक जेवेनात. काही जण पाणीसुद्धा पिईनात. अख्खं खातं एकमेकांवर डोळा ठेवून — ए, डबा उघडू नकोस, ढाल जाईल आपली! काट्याचा उपास म्हणायचे त्याला. आमचे हे जेवण सोडायचे, पण गोळी नाही सोडायचे — डॉक्टरांनी बजावलं होतं ना, काही झालं तरी गोळी चुकवायची नाही. उपाशी पोटी शुगरची गोळी! काट्यावर उभे राहिले, टाळ्या पडल्या, तुम्ही पाठ थोपटलीत, आणि तसेच मशिनवर गेले. डोळ्यांपुढे अंधारी आली. उजव्या हाताची बोटं प्रेसखाली.

का, थांबलात का? हो, तेच. प्रेस शॉपचे वैजनाथ. मी त्यांची बायको, दीपमाला. दवाखान्यात फळांची करंडी घेऊन आला होतात तुम्ही, माझ्याकडे बघितलंत कुठे? फोटो काढलात आणि गेलात. आणि चौकशीत काय सांगितलंत — कामगार उपाशी कामावर आला, निष्काळजीपणा त्याचा. उपाशी का आला, ते सांगताना जीभ अडखळली?

हे म्हणतात, सोड, साहेब मनाने वाईट नाही. रोज संध्याकाळी विचारतात, आला होता का साहेब, खाल्लं का त्याने? डाव्या हाताने भाकरी मोडत विचारतात. माझं मन तेवढं मोठं नाही. लोणी काळभोरची चालती गाडी सोडून मी इथे तुमच्या गेटसमोर आले, ती धंद्यासाठी आले का? लसूण जास्त घालते ती कोणाच्या आवडीची? आणि मघाशी तेल तापायला वेळ लागला ना — लागला नव्हता, मीच लावला. हे बोलायचं नव्हतं मला. असो, बोलले.

अहो, पळता कुठे? तुमच्या उपक्रमाला बक्षीस देणारे पाहुणे यायच्या आत पटकन एक खाऊन घ्यावा म्हणून आलात ना? घाबरलात की वडा लागतो तुम्हाला. पाहुण्यांची वेळही परवा इथेच उभं राहून फोनवर सांगितलीत, ओरडून. ती बघा मोटार, गेटवर अडवली वॉचमनने. आणि हा भोंगा — जेवणाची सुट्टी. प्रेस शॉपवाले येतायत सगळे. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. नुसतं म्हटलं, आज गाडीवर या.

मला दुसरं काही नको. ती एक गोष्ट तुमच्या तोंडून हवी, या लोकांच्या देखत.

अहो बाई! मोटारीतल्या बाई, काच खाली घ्या जरा! आत भाषण होईलच, आधी इथे ऐका. हे आमोद साहेब, उपक्रम यांचाच. वैजनाथ त्या दिवशी उपाशी का होता, ते सांगणार आहेत तुम्हाला.

बोला साहेब. — अं हं, असं नाही. तोंडातला घास गिळा आधी. उपाशी माणसाला मी उभं करत नाही.