वाक्यात उपयोग करा

ताई, तुमी लिहून घेता म्हनता तं घ्या, पन मी जसं बोलून राह्यली तसंच लिहा, मांगून सुधरवत बसू नका. माहं मूळ गाव भातकुलीकडचं, पन मले समजाले लागलं तवा आमी अमरावतीले होतो. बाबा कापसाच्या जिनात हमाली करे, मायबी तेथंच कापूस वेचाले जाये, अन् घर म्हनाल तं एक खोली. माह्या पाठीवर दोघं झाले ते राह्यले नाही, म्हनून मी एकटीच. आमी धम्म घेतला तवा मी सातवीत होती. बाबा नागपूरहून आला, पांढरा सदराबी बदलला नाही अन् मायले म्हने, आता सुमीले शायेतून काढाचं नाव काढू नको, ते मॅट्रिक होईन, मास्तरीन होईन, पगार घेतानी सही करीन, अंगठा नाही देनार. माय म्हने, बरं बाप्पा, पहिले हात-पाय तं धुवा.

इंग्रजी आमाले सय्यद मास्तर शिकवत. बाळापूरचा मानूस, मराठी बोलता बोलता उर्दूत कवा शिरत ते त्याईलेबी समजत नसे. फळ्यावर इंग्रजीतले वाक्प्रचार लिहून देत अन् बाजूले मराठीत अर्थ. व्हाईट एलिफन्ट म्हनजे पोसाले भारी अन् कामाले शून्य अशी वस्तू. ॲट द इलेव्हन्थ अवर म्हनजे अगदी शेवटच्या घडीले. टर्न अ डेफ इअर म्हनजे ऐकू येते तरीबी ऐकाचं नाही. मी धडाधडा पाठ करो. पन मास्तर म्हनत, बेटा, अर्थ तं पोपटबी सांगीन, खुद का जुमला बनाओ, तुह्या घरातलं, तुह्या गल्लीतलं वाक्य कर, तवा समजलं म्हनाचं. परीक्षेतबी तसंच राहे, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. अन् बाबा, त्याले तं अक्षरबी येत नसे, पन जेवाले बसला का विचारे, आज काय शिकली वं? मी पांढऱ्या हत्तीचं सांगतलं तं त्याले ठसका लागला हसून हसून, म्हने आमच्या जिनातला मुकादम, झालं तुहं वाक्य.

मी अकरावीत गेली, मार्चात मॅट्रिकची परीक्षा, अन् दिवाळी झाल्यावर अकोल्याचं स्थळ आलं. पोरगा कचेरीत कारकून. आता काय सांगू तुमाले, आमच्यातल्या नौकरीवाल्या पोराईनं तवा नवीनच रीत काढली होती. पहिले पोरगी पाहाले आले का विचारत भाकर थापता येते का, चालून दाखव, केस दाखव. ते होतंच, ते काही सुटलं नाही, पन त्याच्यावर आता इंग्रजीबी विचारत. बाबाले ते रीत लय आवडली. त्याले वाटलं, आपल्या लोकाईत आता पोरीचं डोकं पाहून नेतात, तोंड पाहून नाही. येथंच बाबा फसला. त्याले दोष नाही देत मी, जल्मभर ज्याच्या डोक्याले कोनी विचारलं नाही, त्याले पोरीचं डोकं विचारनारा मानूस देवमानूसच वाटीन.

सतरंजीवर बसवलं मले. पोराचा मामा मॅट्रिक होता, तोच विचारे. हे सांग, ते सांग. मी खाली मान घालून सांगत गेली, एकबी चुकली नाही, अन् बाबा दाराशी उभा राहून माह्या तोंडाकडे असा पाहे का जसं कोनी त्यालेच मार्क देऊन राह्यलं. शेवटी मामानं विचारलं, अ मॅन ऑफ हिज वर्ड. मी म्हटलं, दिल्या शब्दाले जागनारा मानूस. सारे व्वा म्हने. मंग बाबानं हात जोडले अन् म्हटलं, माहं एकच मांगनं हाय, लगन तुमी माघात करा, पन पोरीले मार्चात पेपराले बसू द्या. मामा इकडे तिकडे पाहू लागला, पन पोरगा सोता बोलला. म्हने, मी बसवीन, माहा शब्द हाय. तवा मी पहिल्यानं मान वर करून पायलं. मले चांगला वाटला हो तो मानूस. खोटं कशाले सांगू, लय चांगला वाटला.

लगन झालं, अकोल्याले आली. मार्च आला तं सासूबाईची कंबर धरली, घरात पानी भराले कोनी नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाबा अमरावतीहून मले न्याले आला, नवीन पेन घेऊन आला होता, खिशाले लावून. सासूबाई आतून कन्हत राह्यल्या अन् हे बाबाले म्हने, मामाजी, या साली जमत नाही, पुढच्या साली नक्की. बाबानं चहा घेतला, पेन माह्या हातात देलं अन् संध्याकायच्या मोटरनं गेला. पुढच्या साली विशाखा पोटात होती. त्याच्या पुढच्या साली ते अंगावर पेत होती. मंग हेच म्हनाले लागले, आता काय करतं शिकून, तुले कमी काय हाय? बाबा त्याच्यानंतरबी येत गेला, नातीले खेळवत गेला, पन आज काय शिकली वं, हे त्यानं मले मरेपर्यंत पुन्हा विचारलं नाही.

अन् ताई, इंग्रजी सुटलं असं समजू नका, हे कुठं सोडतात. पाव्हना आला का हे हाक मारत, सुमन, बाहेर ये. मी पदराले हात पुसत येऊ. हे म्हनत, विचारा हिले काहीबी, वाक्प्रचार विचारा. मंग तो पाव्हना त्याले येत असतील नसतील ते विचारे, मी सांगो, तो म्हने वहिनी तं लय हुशार हाय, अन् यायची छाती फुगे. झालं का मी पुन्हा चुलीपाशी. घरात नवीन रेडिओ आनला का लोकाईले लावून दाखवतात ना, तसं मले लावत होते.

एक दिवस यायच्या कचेरीतला मोठा साहेब आला, पुन्याकडचा. हे नुसते धावपळ करून राह्यले. साहेबानं दोन-तीन विचारले, मी सांगतले, मंग तो म्हने, अ मॅन ऑफ हिज वर्ड, याचा वाक्यात उपयोग करून दाखवा. तोवर मले वाक्य कोनीच विचारलं नव्हतं, सारे अर्थावरच खूश होत. सय्यद मास्तर आठवले. तुह्या घरातलं वाक्य कर. मी यायच्याकडे पायलं अन् इंग्रजीत म्हटलं, माय हजबंड इज नॉट अ मॅन ऑफ हिज वर्ड. म्हटलं, मॅट्रिकले बसवतो म्हने, बसवलं नाही.

यायचं तोंड पांढरं पडलं. मले वाटलं, आता काहीतरी होईन. मारतील, नाही तं लाजेनं तरी म्हनतील का पेपराले बस बापा या मार्चात. अन् साहेब, ताई, तो साहेब हसला. म्हने, वा, वाक्य अगदी बरोबर आहे, व्याकरणात कुठंही चूक नाही. अन् चिवड्याची बशी जवय ओढली.

हेबी मंग हसले. साहेबानं कचेरीत सांगतलं, मंग चार लोकं ते वाक्य ऐकालेच घरी आले अन् हे सोता म्हनाले लागले, सुमन, ते साहेबासमोरचं वाक्य म्हन. माह्या काळजातून निघालं होतं हो ते. त्याईनं त्याची गंमत केली. रांडेच्याईनं माहं रडनंबी टाळ्या वाजवून घेतलं. मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा नाही म्हटलं. मंग हळूहळू हाक माराचे थांबले.

आता विशाखा तिसरीत हाय. शायेत इंग्रजी अजून लागलं नाही, पन हे तिले घरी पाठ करून देतात. परवा पाव्हने होते, मी आत भाकरी टाकून राह्यली होती, अन् बाहेरून तिचा आवाज आला, माय फादर इज अ मॅन ऑफ हिज वर्ड. साऱ्याईनं टाळ्या वाजवल्या. माही भाकर तव्यावर करपून गेली, मले समजलंबी नाही.

रात्री ते माह्यापाशी आली, म्हने माय, याचा अर्थ काय होते वं? मी सांगतलं नाही. अर्थ सांगून मी काय मिळवलं? बाबाचं पेन तेवढं काढून तिच्या दप्तरात ठेवलं. निब वाकडं झालं नाही, वापरलंच कुठं.

भांडून काही होत नाही, मी भांडून पायलं. माह्यानं आता एवढंच म्हनवते का माह्या पोरीनं कोनाच्या सतरंजीवर बसून अर्थ सांगू नये. तिनं मांडवाच्या आधी परीक्षेच्या पेपरात लिहावा, अर्थबी अन् वाक्यबी, अन् तो पेपर तपासनारा असा असावा का त्याले ते कोनाची पोरगी, दिसाले कशी, काहीच माहीत नसावं. त्यानं फक्त मार्क द्यावे.