पडद्याबाहेरचं ताट

(लातूर, नोव्हेंबर १९९९. ट्यूशन क्लासेसच्या गल्लीतला एक मोकळा प्लॉट. संध्याकाळचे सात वाजून गेलेत.)

सिंधु : खुर्च्या मोजू नका मॅडम. मोजल्यानं माणसं येत न्हाईत.

मालविका : मोजत नाहीये हो. हात रिकामे आहेत म्हणून सरळ करतेय. उमादेवीबाई म्हणाल्या होत्या, पावणेसातला मुलींना सोडते.

सिंधु : सोडते म्हणल्या का बघते म्हणल्या?

मालविका : ...बघते म्हणाल्या.

सिंधु : मग झालंच. हॉस्टेलच्या रेक्टरनं बघते म्हणलं म्हंजी न्हाईच की. तीन आठवडे तुमी त्यांचे उंबरे झिजवले. एवढं कुनी सोताच्या लग्नासाठी करत न्हाई.

मालविका : माझ्या आईसमोर हे बोलू नका.

सिंधु : गप. मालक येऊलालेत.

अमृतराव : वा, सिंधु! माहौल तर झकास केलास. बल्बांच्या माळा, टेपवर गाणी, पाण्याला नवे माठ. आमच्या हॉटेलात नसंल एवढा थाट. खाणारं तेवढं कुनी दिसंना.

सिंधु : येतील मालक.

अमृतराव : आता कशाचा मालक? दिवाळीला माझी चूल सोडलीस तू. सहा वर्षं भाकरी थापल्यास, म्हणून हा प्लॉट नुसत्या शब्दावर दिला तुला. मला वाटलं, पोळपाट-लाटणं घेऊन डबे करशील. तू तर टेबलं मांडलीस! गल्लीतली चार माणसं मला बोलूलालेत. पोरीबाळी दिवे लावून, गाणी लावून उघड्यावर जेवणार. हे हैदराबादला चालतं. हे लातूर हाय.

मालविका : तुमच्या दारासमोर मुलं अकरा वाजेपर्यंत चहा पीत उभी असतात, अमृतराव. भजी खातात, गाणी म्हणतात, सीईटीच्या नावानं बोंब मारतात. त्यांना कुणी विचारत नाही, हे लातूर आहे का हैदराबाद.

अमृतराव : पोरांची गोष्ट अलग हाय.

मालविका : मुलीही तेवढाच अभ्यास करतात. तेवढीच भूक लागते.

अमृतराव : मग माझी फॅमिली रूम हाय की वरच्या मजल्यावर. पडदा हाय, पंखा हाय. इज्जतीनं बसा, इज्जतीनं खा.

मालविका : बसले होते मी. जूनमध्ये, नांदेडहून नवीनच आले होते तेव्हा. पाच तास फिजिक्स शिकवून घसा बसला होता. तुमच्या वेटरनं विचारलं, "मॅडम, साहेब मागनं येऊलालेत का?" साहेब नाहीत म्हटल्यावर खाली बसू दिलं नाही. वर पाठवलं, पडद्याआड. बल्ब गेलेला. अर्धा तास कुणी फिरकलं नाही. मी तिथं आहे हेच सगळे विसरले.

सिंधु : म्या मागच्या जिन्यानं ताट घेऊन गेले. बघती तर अंधारात ही बाई रडूलालती.

मालविका : रडत नव्हते. भूक लागली होती.

सिंधु : ते एकच असतंय.

अमृतराव : मला हे कुनी सांगितलं न्हाई.

सिंधु : भाकरी थापणारीनं मालकाला काय सांगावं? त्या दिवशी आमी दोघी मागच्या दारात पालथ्या क्रेटवर बसून जेवलो. तितंच ठरलं हे समदं, बाया-पोरींना उघड्यावर बसून गरम जेवता यावं म्हणून.

अमृतराव : बरं, झालं ते झालं. निदान वरून पत्रे तरी टाक. कनात लाव चारी बाजूंनी. झाकलेलं असलं की लोक बोलत न्हाईत.

सिंधु : छत न्हाई टाकणार.

अमृतराव : सहा वर्षं झाली भूकंपाला, सिंधु.

सिंधु : हाव. सहा वर्षं झाली. गणपती बुडवून आलो, दमून झोपलो. मला उकडूलालतं म्हणून मी अंगणात पडले. पहाटं धरणी हालली आन् घराचं माळवद आत गेलं. माती आन् धोंडे. आत नवरा, आत सासू. किल्लारीच्या आसपासच्या गावांचं तुमी पेपरात वाचलं आसल. म्या हातानं उकरलंय.

अमृतराव : जाऊ दे. नको ते.

सिंधु : ऐका की, चांगलं पुढं हाय. छावणीत म्या चूल मांडली. दीडशे माणूस जेवायला. कुनाचं कोन गेलेलं, कुनाचं कोन. पण पंगत बसली की गडी आधी आन् बाया मागनं, असं कुनी म्हणलं न्हाई. समदे एका रांगेत, वर आभाळ. सोळा वर्षांची व्हते तवापासून मी सैपाक करते मालक. पण बाईमाणूस समद्यांबरोबर बसून तव्यावरची गरम भाकर खाऊलालंय, हे मी त्या छावणीत पहिल्यांदा बघितलं. त्यासाठी भूकंप व्हावा लागला. आता भूकंपाबिगर व्हऊ द्या.

अमृतराव : ...पावसाळ्यात काय करशील?

सिंधु : छत्र्या उघडू.

अमृतराव : तुझ्यासंगं बोलण्यात अर्थ न्हाई. आठपर्यंत वाट बघ. आठला कुनी आलं न्हाई तर दिवे काढ बाई. उगं हसं होईल तुझं. मी काही दुश्मन न्हाई.

मालविका : टेप बंद करा. सिंधुताई, टेप बंद करा जरा!

सिंधु : काय झालं?

मालविका : ऐका. कोपऱ्यावरून आवाज येतोय. मुली आहेत! दोन-दोनच्या रांगेत... पुढं उमादेवीबाई. एका हातात बॅटरी, एका हातात हजेरीचं रजिस्टर.

सिंधु : किती हायत?

मालविका : रांग संपतच नाहीये. अजून वळतायत. अहो, पन्नासच्या वर आहेत!

सिंधु : खुर्च्या चाळीसच हायत की! सतरंज्या काढा. तव्याखालचा जाळ वाढवते मी. मालक, बाजूला सरका, वाटंत उभारलात.

मालविका : या, या उमादेवीबाई! हो, साडेआठला परत, एक मिनिट इकडंतिकडं नाही. मुलींनो, ढकलाढकली नको, सगळ्यांना मिळणार आहे. सिंधुताई, वीस धपाटे, बारा ठिकाणी येसर आमटी आणि भाकरी, चुरमुऱ्याचा सुशीला कितीही द्या म्हणतायत. आणि प्यायला आंबील.

अमृतराव : आंबील? यळवशीच्या सणाला शेतात पितेत ती. बाजारात आंबील कोन पितंय?

मालविका : तिसरी कळशी सुरू आहे, अमृतराव. रेणापूरच्या दोघी म्हणतायत, घरच्यासारखी आंबट आहे.

सिंधु : मालक, तेवढे धपाटे उतरवा, करपूलालेत! हाव, तुमालाच म्हणले. उलथनं तितंच हाय.

अमृतराव : मी? ...आगं, हे चिकटलं.

सिंधु : कडंनं तेल सोडा. बावीस वर्षं हॉटेल चालवता, धपाटं उलथता येईना?

अमृतराव : गल्ल्यावर बसून कुनाला येतंय? ...आता आलं बघ. आलं! सिंधु, तिकडं कोपऱ्यातल्या टेबलावर... दोघी बसल्यात ना, त्यातली हिरव्या लुगड्याची. ती आमची चंद्रप्रभा हाय का?

सिंधु : हाव. वैनीच हायत. दोघी जावा मिळून आल्यात.

अमृतराव : मला बोलली न्हाई ती.

सिंधु : मला बोलल्या. म्हणल्या, "सिंधु, मी हॉटेलवाल्याची बायको. पण हॉटेलात बसून एक वडा खाल्लेला न्हाई. पाटी कोनत्या रंगाची हाय ते रिक्षातनं बघितलंय."

अमृतराव : रोज पाठवत व्हतो की घरी. एक दिवस खाडा न्हाई.

सिंधु : पुड्यात. घरी जाईस्तोवर गार.

अमृतराव : ...हसूलालीय बघ कशी. घरी एवढ्या मोठ्यानं हसत न्हाई ती.

मालविका : अमृतराव, वहिनींनी निरोप दिलाय. म्हणतात, "हे तव्यापाशी काय करतायत? माझ्यासमोरची खुर्ची मोकळी आहे. यायचं असलं तर या म्हणावं."

अमृतराव : गडीमाणसाला चालतंय का हितं, सिंधु?

सिंधु : बायकांनी बोलवलं तर चालतंय.

अमृतराव : हात धुऊन येतो.

मालविका : गेले! अहो, खरंच बसले. वहिनी त्यांना स्वतःच्या ताटातलं दाखवतायत, हे खा, ते खा. सिंधुताई, बघा ना.

सिंधु : बघूलाले, बघूलाले. डोळ्यात धूर गेलाय.

मालविका : धूर तिकडं चाललाय.

सिंधु : मॅडम, हे घ्या गरम धपाटं. दुपारपासून उपाशी हाव तुमी.

मालविका : तुम्ही खाल्लंत का?

सिंधु : न्हाई. पण आज मागनं गार न्हाई खाणार. ह्यातलं अर्धं माझं.

मालविका : पावणेनऊ झाले! उमादेवीबाईंनी साडेआठ सांगितले होते. आता त्या शिट्टी मारतील.

सिंधु : काय करूलालेत त्या?

मालविका : तिसरं धपाटं खातायत. घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलंय. एक मुलगी गाणं म्हणतेय आणि बाई टेबलावर ठेका धरतायत. मी शिस्तीवरून त्यांची तीन आठवडे बोलणी खाल्ली, आणि या बघा!

सिंधु : भुकेल्या असतील त्या बी. रेक्टरला कोन म्हणतं, चला बाई जेवायला?

मालविका : अमृतराव तिकडून ओरडून विचारतायत, उद्या आणखी टेबलं लागतील, हॉटेलची सहा पाठवू का?

सिंधु : सहा न्हाई, आठ पाठवा म्हणावं. आन् त्यांच्या वेटरला बी धाडा. त्याला मी शिकवते, बाईमाणसाला काय विचारायचं ते.

मालविका : काय विचारायचं?

सिंधु : "काय देऊ?" एवढंच. दुसरं काय विचारायचं असतंय?

मालविका : सिंधुताई, ही आमच्या बारावीच्या बॅचची सृष्टी. भोकरची आहे. तिची आई उद्या येतेय, दर महिन्याला डबा घेऊन येते, पहाटेच्या एसटीनं. विचारतेय, आईला इथं जेवायला आणलं तर चालेल का?

सिंधु : चालेल का काय? आण की बाई. आन् आईला फोन करून सांग, पहाटं उठून डबा करू नको म्हणावं. मोकळ्या हातानं ये.