रविवारची गोळी

मेम्फिसमधल्या औषधांच्या दुकानात नदीन बाळाला खांद्यावर थोपटत रांगेत उभी होती. तिच्या पुढे अर्लीन आणि क्लीओफस हे म्हातारं जोडपं हळू आवाजात भांडत होतं.

"महिना संपला, तरी लघवीच्या गोळ्या बाटलीत उरल्यात. प्रेशर चढेल नाहीतर काय!"

"दुसरी गोळी रोज खातो की, अर्लीन."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? आपल्या काळ्या लोकांना हीच जास्त लागू पडते, दोन्ही मिळून घ्या. आणि तू रविवारी खात नाहीस, बुधवारी खात नाहीस."

"रविवारी पांढरे हातमोजे घालून, लोकांना जागा दाखवायला चर्चच्या दाराशी उभा असतो मी. सारखा लघवीला पळू?"

"पळ! तुझा भाऊ अशीच टाळाटाळ करत गेला."

"त्याला कशाला मध्ये आणतेस?"

"आणणार. दार सांभाळायला दुसरं कुणी नाही का?"

"दाराचं नाही गं."

"मग?"

"तू गायला उभी राहिलीस, की नेमकं मला जावं लागतं. दोनदा हुकलं तुझं गाणं. बुधवारी तालमीलाही तेच."

नदीनचा थोपटणारा हात थांबला.

"इतकी वर्षं ऐकतोयस, मेल्या. पोट नाही भरलं?"

"नाही."

"मग ऐक. रोज माझ्यासमोर गोळी गिळायची. तू परत दाराशी दिसेपर्यंत मी गायला तोंड उघडणार नाही."

"आणि पास्टर खोळंबले तर?"

"खोळंबू देत. त्यांनाही हीच गोळी आहे."