चाखणं ड्युटीत येतं

अनघा : तेच सांगतेय चाची, लॅबची चूक नाही. मी दोनदा तपासून घेतलं. तीन महिन्यांची सरासरी शुगर दहा पूर्णांक दोन. मागच्या खेपेला आठ पूर्णांक नऊ होती, त्याच्या आधी आठ पूर्णांक एक.

ताजुन्निसा : म्हंजे चढत्या भाजणीनं.

अनघा : चढत्या भाजणीनं. आणि तीही पथ्य सुरू केल्यापासून.

वाहिद : माणसाचं वयही चढतंच की, डॉक्टर मॅडम.

अनघा : वय वर्षाला एकानंच चढतं, चाचा. तुम्ही पाय वर घ्या. हा फोड कधीचा?

वाहिद : असेल आठेक दिवसांचा. पाकाचा थेंब उडाला. चिक्कीच्या भट्टीवर चौतीस वर्षं काढली, थेंब उडायचेच.

ताजुन्निसा : थेंब उडला की मानूस वरडतो, बाई. हे वरडलेच न्हाईत. घरी मोजा काढला तवा मला दिसला. मी इचारलं, हे काय झालं? तर मलाच इचारतात, कुटं काय झालं?

अनघा : म्हणजे भाजलं ते कळलंच नाही. चाचा, आकड्यापेक्षा मला ह्याची काळजी जास्त वाटते. आज इन्सुलिन लिहावं लागेल. आणि तरीही शुगर खाली आली नाही, तर उद्या ह्या पायाची खात्री मी देऊ शकणार नाही.

वाहिद : सुई नको. गोळ्या वाढवा हवं तर. सुई घेणाऱ्याला सेठ भट्टीपाशी उभं करत नाही. रतनला सुई लागली, त्याला एकदा चक्कर आली, तर दुसऱ्या दिवशी त्याला पॅकिंगला बसवलं. पाकाचा माणूस आता खोक्यांना चिकटपट्टी लावतो. समोरून गेलो तर मान वर करत नाही.

ताजुन्निसा : चिकटपट्टी लावायला पाय तर असतील ना जाग्यावर? बाई, तुमी माझं काय चुकतंय ते सांगा. आख्खी गल्ली मला इचारती, तू नवऱ्याला खायला तरी काय घालतीस.

अनघा : काय घालता, तेच एकदा पहिल्यापासून सांगा.

ताजुन्निसा : पहाटं मेथीचं पानी. ते असलं तोंड करून पितात, जसं काय पोलिसांनी कबुलीजबाबावर अंगठा घ्यावा. मंग तुंगार्लीच्या धरणापत्तूर चालणं. हे पुढं, हात पाठीमागं बांधून, मी मागं. च्या बिनसाखरेचा. नाचणीची भाकरी, एक. भात जुम्म्याला, वाटीभर. बटाटा घरात येत न्हाई. साखरेचा डबा तर मी भरलेला उचलला अन् शेजारी केरबाच्या घरात दिऊन आले. अकरा महिने झाले.

अनघा : उत्तम आहे. मीही एवढं करत नाही.

ताजुन्निसा : उत्तमच हाय. आमच्या पोराचं, नवाजचं पोट गेलं, त्याच्या पँटी कमरंला राहीनात. सून सुमय्या सात किलोनं उतरली. लेक बारीक झाली म्हणून तिची आई मला बोल लावून गेली, तुमी खायला देत न्हाई व्हय? माझे गुडघे दुखायचे थांबले. केरबा रिक्षावाला, त्यानं माझ्याकडनं इचारून इचारून तसंच केलं, त्याची गोळी अर्ध्यावर आली. एका माणसाला आजार झाला अन् बाकीचे समदे बरे झाले, बाई. राहिले ते एकटे हेच.

वाहिद : प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते.

अनघा : चाची, तुम्ही एवढं करताय म्हणजे घरात काही नाही. जे आहे ते बाहेर आहे. चाचा, तुम्ही सकाळी घरातून निघालात की काय काय खाता?

वाहिद : काहीही नाही. चहा आहे, दोनदा. तोही फिका. हौशीराम चहावाला मला लांबून बघितलं की आधी माझा गाळून ठेवतो, मग बाकीच्यांच्यात साखर टाकतो. आता तर बाकीच्यांच्यातही टाकत नाही. बारा कामगार आहेत, बाराच्या बारा मी फिक्यावर आणले. साखर म्हणजे पांढरं विष, असा कागद लिहून भट्टीच्या वर चिकटवलाय.

अनघा : चिक्कीच्या भट्टीच्या वर?

वाहिद : दर्शनी जागा तीच आहे.

अनघा : सेठ काही म्हणाले नाहीत?

वाहिद : म्हणाले, कागद चांगला आहे, फक्त गिऱ्हाइकाला दिसेल असा लावू नको.

अनघा : बरं. दुपारी?

वाहिद : घरचा डबा. भाकरी, पालेभाजी, काकडी. पाहुणे, पर्यटक कुणी काही देऊ केलं तर मी हात लावत नाही. गेल्या दिवाळीत सेठनी स्वतः पेढा पुढं केला. मी म्हणालो, सेठ, माफी असावी, बंद केलंय. सगळ्यांसमोर म्हणालो. सेठनी माझं नाव घेऊन सगळ्यांना सांगितलं, निग्रह शिकावा तर ह्याच्याकडून.

ताजुन्निसा : हे आमी घरात सतरा वेळा ऐकलंय.

अनघा : आणि भट्टीवर नेमकं काय काम असतं तुमचं?

वाहिद : पाक. लोणावळ्यात दुकानं पुष्कळ, मॅडम, पण पाकाची माणसं बोटांवर मोजावीत. गूळ वितळतो, उकळी फुटते, फेस आधी मोठा येतो, मग बारीक होतो. तिथून पुढं सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा. अलीकडं उतरवला तर चिक्की दातांना चिकटते, पलीकडं गेला तर कडू. उलथन्यावरून एक थेंब गार पाण्यात सोडायचा. त्याची गोळी होते. ती उचलायची, दाढेखाली धरायची आणि दाबायची. कट्ट झालं पाहिजे. कट्ट झालं की मी हात वर करतो, कढई उतरते. मी हात वर केल्याशिवाय सेठचासुद्धा शब्द चालत नाही.

अनघा : वा. मग ती गोळी?

वाहिद : कुठली?

अनघा : दाढेखालची.

वाहिद : ती तपासली.

अनघा : तपासून झाल्यावर ती जाते कुठं?

वाहिद : जाते की.

ताजुन्निसा : जाते कुटं? भट्टीत?

वाहिद : खाली जाते.

अनघा : दिवसाला किती कढया उतरतात?

वाहिद : साध्या दिवशी पंचवीस. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाडीला दुकानापुढं उभं राहायला जागा नसते, तेव्हा चाळीस.

अनघा : गोळी केवढी असते?

वाहिद : बोराएवढी.

ताजुन्निसा : आपल्या डोंगरातलं बोर का बाजारातलं ते ॲपल बोर?

वाहिद : मधलं.

अनघा : पाच ग्रॅम धरू. चाळीस कढया, म्हणजे दोनशे ग्रॅम. चाचा, तुम्ही शनिवार-रविवारी रोज पाव किलोला थोडा कमी एवढा गूळ खाताय.

वाहिद : खात नाही, मॅडम. चाखतो. चाखणं ड्युटीत येतं. खाणं म्हणजे माणूस हात धुतो, मांडी घालतो, ताट समोर घेतो. हे उभ्यानं आहे. आणि तुम्ही साखर बंद सांगितली होती. हा गूळ आहे.

अनघा : रक्ताला दोन्ही सारखेच.

वाहिद : असं कसं? आमच्याकडं काउंटरला एक वेगळं कपाटच आहे. पुण्याचं, मुंबईचं गिऱ्हाईक विचारतं, डायबेटिसवाल्यांना काही आहे का? पोरं सांगतात, गुळाची घ्या, साखरेचा कण नाही. तीच चिक्की, तीच कढई, वेष्टण तेवढं हिरवं. डायबेटिसवाली माणसं चार-चार डबे नेतात. साध्या माणसाला एक पुरतो.

अनघा : आणि मग तीच माणसं माझ्याकडं येतात.

वाहिद : तुम्हालासुद्धा हिरवंच आणतो मी. आजचा बाहेर तुमच्या सिस्टरकडं दिलाय.

अनघा : ते माझ्या मुलासाठी.

ताजुन्निसा : दर खेपंला एक डबा. मुलगं किती वर्साचं हाय, बाई?

अनघा : हॉस्टेलला असतो. दिवाळीत येतो.

वाहिद : पेशंटनं प्रेमानं दिलेलं नाही म्हणता येत नाही. ते खाणं नव्हे, ती रीत झाली.

अनघा : चाचा, माझी शुगर मी तपासेन. आपण तुमच्याकडं येऊ. मला एक समजत नाही. पाक तुम्ही चौतीस वर्षं करताय. पण तुमची शुगर चढली ती ह्या अकरा महिन्यांत. चौतीस वर्षं रोज एवढा गूळ पोटात जात असता, तर तुम्ही माझ्याकडं फार आधी यायला हवं होतं.

वाहिद : गूळही पूर्वीसारखा राहिला नाही.

अनघा : गूळ राहू द्या. दोन वर्षांपूर्वी दिवसाला किती कढया चाखत होता?

वाहिद : पहिली. सकाळची पहिली तर चाखावीच लागते. आणि गुळाची नवी ढेप फोडली, तर अजून एखादी.

अनघा : म्हणजे दोन. आणि बाकीच्या अडतीस?

वाहिद : त्यांना जीभ कशाला लागते? गोळी बाहेर काढून कढईच्या काठावर टाकली की वाजते. पाक कच्चा असला तर बद्द वाजते. झाला असला तर बांगडी टिचकल्यासारखी. मी पाठमोरा उभा असलो तरी सांगेन.

अनघा : मग चाखायची गरज काय?

वाहिद : गरज म्हणाल, तर तशी नाही.

अनघा : चाचा, चाळीसच्या चाळीस कधीपासून चाखायला लागलात?

वाहिद : तारीख कुणाच्या लक्षात राहते?

अनघा : अंदाजे सांगा.

वाहिद : तो साखरेचा डबा शेजारी गेला, त्या सुमाराला.

(ताजुन्निसा खुर्ची वळवून नवऱ्याकडं तोंड करून बसते.)

ताजुन्निसा : बोला.

वाहिद : काय बोलू?

ताजुन्निसा : मी हिकडं भाकरी मोजून वाढती. तुमी आनखी एक मागितली तर देत न्हाई, अन् मंग रात्री मलाच झोप येत न्हाई, म्हणते मानूस दिसभर आगीपुढं हुबा ऱ्हातो अन् मी त्याला उपाशी ठिवती. नवाज म्हणाला, अम्मी, अब्बांना एखादा लाडू दे. मी पोराला बोलले. त्याला म्हणलं, तुला बाप नकोय का? अन् बाप तिकडं चाळीस गोळ्या तपासतोय.

वाहिद : रविवारी चाळीस. इतर दिवशी पंचवीस.

ताजुन्निसा : वर कागद चिकटवलाय. पांढरं इष. त्याच्याखाली हुबं ऱ्हाऊन.

वाहिद : कागद खराच आहे. पांढऱ्याला मी एकदाही शिवलो नाही.

अनघा : चाचा, आता सरळ सांगा. का?

वाहिद : आता काय सांगायचं, मॅडम? पहाटे मेथी. त्यानंतर फिका चहा. दुपारी काकडी. संध्याकाळी ही विचारते, आज काही खाल्लं तर नाही ना? सगळी गल्ली माझ्या ताटात बघते. केरबा तर जिन्यात थांबवून सांगतो, बघा चाचा, तुमच्या पथ्यानं मी कसा टुणटुणीत झालो. भट्टीपाशी मला कुणी काही विचारत नाही. मी गोळी तोंडात टाकली की बारा माणसं गप्प उभी राहतात, माझ्या तोंडाकडं बघत. म्हणतात, चाचा काम करतोय.

अनघा : ठीक आहे. ऐका. इन्सुलिन मी आज लिहीत नाही. सहा आठवडे देते. तोवर एकही गोळी तोंडात नाही, पहिल्या कढईचीसुद्धा नाही. ढेप नवी आली तर दुसऱ्या कुणाला चाखायला लावा. तुम्ही कानानं काम करा. तुमच्याकडं तोंडाला मास्क लावतात ना?

वाहिद : लावतात. तपासनीस आल्यापासून सक्तीचा आहे.

अनघा : मग चाखताना?

वाहिद : चाखताना खाली घेतो. चाळीसदा.

अनघा : आता घ्यायचा नाही. पायाची पट्टी रोज इथं येऊन बदलायची, आणि बोटावरची शुगर दर सोमवारी. सहा आठवड्यांत आकडा हलला नाही, तर सुई, मग सेठ काय करतील ते करोत. आणि चाची, तुम्हीही थोडं सैल सोडा. जुम्म्याच्या दिवशी जेवणानंतर त्यांना काहीतरी गोड, एक चमचाभर, ताटात द्या. मांडी घालून, सगळ्यांच्या समोर खाऊ द्या.

ताजुन्निसा : दिईन. चमचा मीच मोजीन.

वाहिद : मोज. हिला पण खायला सांगा, मॅडम. ही पण अकरा महिने कशालाच हात लावत नाही. सुनेनं सांगितलं मला.

अनघा : चाची? तुमची शुगर तर व्यवस्थित होती. तुम्हाला कुणी सोडायला सांगितलं?

ताजुन्निसा : कुणी न्हाई.

वाहिद : मग कशाला सोडलंस?

ताजुन्निसा : एका घरात एकट्यानं सोडायचं म्हंजे लय जड जातं. म्हणलं, संगट कुणीतरी असावं.

वाहिद : मला कधी बोलली नाहीस.

ताजुन्निसा : तुमी तरी कुटं बोलला?

वाहिद : बरं. झालं ते झालं. आता तू खा. माझ्यासाठी सोडलं होतंस ना? मीच सांगतोय, खा.

ताजुन्निसा : आता न्हाई लागत. ईदला सुमय्यानं लय आग्रेव करून शीरखुर्म्याचा एक चमचा तोंडात घातला. पयल्यासारखी चव न्हाई, नुसता गोड लागला.